सामान्य बी.एड. झाले आहे, दृष्टिबाधित मुलांना शिकवण्यासाठी पुढे काय शिकावे?

गोदातीर

नमस्कार. मी नाशिकमधील एका अनुदानित माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. माझे शिक्षण बी.एस्सी. आणि सामान्य बी.एड. असे आहे. या वर्षी आठवीच्या माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी आली आहे, जिला पहिल्या बाकावरूनही फळा दिसत नाही, परंतु पुस्तक डोळ्यांपासून चार बोटांवर धरले तर ठळक छपाई वाचता येते. तोंडी उत्तरे ती वर्गात सर्वांच्या आधी देते. भूमितीचा तास आला की मात्र माझ्याजवळ तिला देण्यासारखे काही उरत नाही, कारण मी फळ्यावर आकृती काढून ‘आता ही बाजू या बाजूएवढी आहे’ असे म्हणते, तेव्हा त्या वाक्यातले ‘ही’ आणि ‘या’ तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. आमच्या शाळासमूहाच्या केंद्राच्या विशेष शिक्षिका अधूनमधून येतात आणि त्यांनी दिलेल्या सूचना उपयोगी पडतात, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा आहेत की त्यांनी रोज येणे शक्य नाही.

या निमित्ताने मी या विषयाचे वाचन सुरू केले आणि आता हेच काम पुढे पूर्णवेळ करावे असा विचार पक्का होत चालला आहे. मात्र अभ्यासक्रमांच्या बाबतीत जितक्या लोकांना विचारले तितकी वेगवेगळी उत्तरे मिळाली. माझे बी.एड. झालेले असल्यामुळे मला थेट एम.एड. (विशेष शिक्षण) करता येईल का, की पुन्हा दोन वर्षांचे बी.एड. करावे लागेल? घरी याच मुद्द्यावर अडले आहे, कारण एकदा बी.एड. झालेल्या बाईने पुन्हा बी.एड. करणे म्हणजे पुढे जायचे सोडून मागे येणे, असे सासऱ्यांचे मत आहे आणि ते स्वतः निवृत्त मुख्याध्यापक असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालणे सोपे नाही. मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच असताना नोकरी सांभाळून हे शिक्षण होऊ शकते का? काहींनी डेहराडूनला जावे असे सुचवले आहे, तर अमेरिकेत असलेल्या एका मैत्रिणीने तिकडे या विषयात फार चांगली पदव्युत्तर पदवी मिळते असे कळवले आहे. आणि ज्या अभ्यासक्रमातून ब्रेल आणि गणित हे दोन्ही खरोखर हाताशी येईल, असा अभ्यासक्रम ओळखायचा कसा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सातपूर ते सीबीएस

गोदातीर ताई, आपल्या प्रश्नाचा कायद्याशी संबंधित भाग आधी निकाली काढू, कारण त्यावरच बाकीचे सगळे अवलंबून आहे. मी स्वतः विशेष शाळेत शिकवत आलो आहे, त्यामुळे कागदपत्रांचा हा घोळ जवळून पाहिलेला आहे.

आपल्याकडे सामान्य शिक्षक-प्रशिक्षणाचे नियमन राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद करते, पण विशेष शिक्षकांचे प्रशिक्षण भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे सगळे जिला आरसीआय म्हणतात तिच्या, अखत्यारीत येते. १९९२ च्या कायद्याने या परिषदेला तो अधिकार दिलेला असून, परिषदेच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत (सीआरआर) नाव असल्याशिवाय कोणालाही पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही. विनानोंदणी काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. विशेष शिक्षक या व्याख्येत बसतात. म्हणून ‘सीआरआर नंबर आहे का?’ हा मुलाखतीतला पहिला प्रश्न असतो आणि तो नसेल तर पुढचे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

आता एम.एड.विषयी. एम.एड. (विशेष शिक्षण) ला प्रवेश घेण्यासाठी बी.एड. (विशेष शिक्षण) किमान ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण असावे लागते. दुसरा मार्ग असा की, सामान्य बी.एड. असलेल्या उमेदवाराने त्याच दिव्यांगत्व प्रकारातील आरसीआयमान्य डी.एड. (विशेष शिक्षण) पूर्ण केलेले असावे आणि दोन्हींत किमान ५० टक्के गुण असावेत. केवळ सामान्य बी.एड.च्या आधारावर थेट प्रवेश मिळत नाही. कोणी तसे आश्वासन देत असेल तर शुल्क भरण्यापूर्वी त्या संस्थेचे मान्यतापत्र मागून घ्यावे.

म्हणजे आपल्यासमोर खरी निवड डी.एड. की बी.एड. एवढीच आहे आणि दोन्ही दोन वर्षांचेच आहेत. डी.एड.चा रोख प्राथमिक शाळेकडे असतो, तर बी.एड. (विशेष शिक्षण) माध्यमिक आणि उच्च माध्यमिक स्तरासाठी शिक्षक घडवते. आपण पदवीधर आहात, माध्यमिकला शिकवता आणि विषय गणित आहे, तेव्हा माझ्या मते आपण बी.एड. (विशेष शिक्षण) दृष्टिबाधित हाच अभ्यासक्रम घ्यावा. सासऱ्यांना एवढेच सांगावे की हे पहिल्या बी.एड.चे पुनरावर्तन नाही. अध्यापनशास्त्राचे आणि बालविकासाचे काही विषय ओळखीचे निघतील, पण दृष्टिदोषाचे मूल्यमापन, अभ्यासक्रमाचे अनुकूलन, ब्रेल, चलनवलन (न दिसताही सुरक्षितपणे हिंडणे-फिरणे), सहायक तंत्रज्ञान, इतर दिव्यांगत्वांची ओळख आणि विशेष तसेच समावेशित शाळांतील सराव हा भाग पहिल्या बी.एड.मध्ये नसतोच.

महाराष्ट्रात या प्रवेशाचा मार्ग सीईटी कक्षाच्या बी.एड. (जनरल अँड स्पेशल) परीक्षेतून जातो. दूरशिक्षणाबाबत सांगायचे, तर मुक्त विद्यापीठांमार्फत विशेष बी.एड. चालवण्याची पद्धत देशात आहे आणि तो अडीच वर्षांचा असतो. मात्र आरसीआयची मान्यता संस्था, अभ्यासक्रम आणि शैक्षणिक सत्र यांना मिळून दिलेली असते. अमुक संस्था ‘मान्यताप्राप्त’ आहे हे ऐकीव वाक्य पुरेसे नाही. आपण प्रवेश घेणार त्या सत्रासाठी, दृष्टिबाधित याच विशेषीकरणासाठी ती मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावरील यादीत स्वतः पाहावे. श्रवणबाधित किंवा बौद्धिक अक्षमता या विशेषीकरणाची मान्यता असलेल्या संस्था पुष्कळ असतात, दृष्टिबाधितची तुलनेने कमी, आणि जाहिरातीत सगळे ‘स्पेशल बी.एड.’ या एकाच नावाखाली छापलेले असते.

नियमित शिक्षणासाठी डेहराडूनचे राष्ट्रीय दृष्टिबाधितार्थ संस्थान, ज्याचे आताचे संक्षिप्त नाव एनआयईपीव्हीडी आहे आणि पूर्वी जे एनआयव्हीएच म्हणून ओळखले जाई, हे देशातील या क्षेत्रातले प्रमुख शासकीय केंद्र आहे. तिथे मुद्रणालय, शाळा, ग्रंथालय आणि प्रशिक्षण एकाच आवारात आहे, याचा विद्यार्थी-शिक्षकाला जो फायदा होतो तो कोणत्याही छापील अभ्यासक्रमात लिहिलेला नसतो. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहू परिसरातही विशेष शिक्षण विभाग आहे. नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठणारे लोक रोज शेकड्यांनी आहेत, पण पूर्णवेळ अभ्यासक्रम रोजच्या ये-जा करण्यावर होत नाही, हेही सांगून ठेवतो.

सहा टिंबे

वरील माहिती बरोबर आहे आणि तिच्यात भर घालण्यासारखे थोडे आहे. मी स्वतः पूर्णांध आहे, स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या, साहाय्याने हे लिहीत आहे, आणि माध्यमिक वर्गांना शिकवतो. त्यामुळे विद्यार्थी म्हणून आणि शिक्षक म्हणून, दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

पदवी नोंदणीसाठी लागते, त्यावर दुमत नाही. परंतु ब्रेलच्या बाबतीत पदवी आणि हात या दोन गोष्टी वेगळ्या असतात. एका महाविद्यालयात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, ब्रेलची प्रात्यक्षिक परीक्षा म्हणजे पाठ केलेला परिच्छेद पाटीवर टोचून दाखवणे एवढीच होती; तिथून बाहेर पडलेले शिक्षक मुलाने लिहिलेला निबंध तपासायला दुसऱ्या मुलाला वाचून दाखवायला सांगत. गोदातीर ताई, आपण असा शिक्षक होऊ नये, म्हणून आजच सुरुवात करावी. त्यासाठी प्रवेशाची वाट पाहण्याची गरज नाही.

भारतीय ब्रेल १९५१ पासून सर्व भारतीय भाषांसाठी एकच आहे आणि मराठीसाठी तो अतिशय तर्कशुद्ध बसतो. सेलमध्ये, म्हणजे एका अक्षराच्या सहा टिंबांच्या घरात, डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६ अशी टिंबे. क म्हणजे १-३, ल म्हणजे १-२-३, आपला ळ म्हणजे ४-५-६. छापील लिपीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढली जाते, ब्रेलमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतरच येते. जोडाक्षर लिहिताना मात्र डोळसांची गडबड होते, कारण हलन्ताचे टिंब, म्हणजे एकटे ४, जोडाक्षराच्या आधी द्यायचे असते. ‘भक्ती’ लिहिताना भ, मग ४, मग क, मग त, मग दीर्घ ई, असे पाच सेल होतात. क्ष आणि ज्ञ यांना मात्र प्रत्येकी एक स्वतंत्र सेल आहे. पाटीवर हे सर्व उजवीकडून डावीकडे, उलट्या बाजूने टोचायचे, कारण कागद उलटल्यावर टिंबे वर येतात. सुरुवातीला इ आणि ए यांची अदलाबदल हमखास होते. एकाचे २-४ आणि दुसऱ्याचे १-५, म्हणजे आरशातली एकमेकांची रूपे. पर्किन्स ब्रेलर या यंत्रावर लिहिताना हा उलटेपणा राहत नाही, पण ते यंत्र महाग असते आणि मुलाच्या दप्तरात ते नसते, पाटी असते. म्हणून आधी पाटी.

आजकाल एक मत फार ऐकू येते की मोबाईल बोलतो, एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचतो, मग ब्रेल कशाला. मी ही साधने दिवसभर वापरतो आणि त्यांच्याविना माझे काम चालणार नाही. तरीही ज्या मुलाने मराठी फक्त ऐकली आहे त्याला शुद्धलेखन येत नाही, कारण ऱ्हस्व-दीर्घ, ण आणि न, श आणि ष यांतला फरक ऐकून पक्का होत नाही. तो बोटाखाली यावा लागतो. शिवाय मराठीतील पुष्कळ जुन्या पीडीएफ फायली युनिकोड नसलेल्या टंकांत केलेल्या असतात आणि त्यांच्यावर स्क्रीन रीडर निरर्थक अक्षरांची रांग वाचतो. असा मजकूर युनिकोडमध्ये आणून देणे हेही विशेष शिक्षकाच्या कामात धरावे.

आता गणित, जो आपला विषय आहे आणि ज्यासाठी मी हे मुख्यतः लिहीत आहे. दृष्टिबाधित मुलांच्या शिक्षणात भाषा आणि समाजशास्त्र शिकवणारे शिक्षक मिळतात. गणित-विज्ञानाचे मिळत नाहीत. परिणामी शाळेतच मुलाला आणि पालकांना सांगितले जाते की गणितात मिळणारी सवलत घ्या आणि मोकळे व्हा. सवलत असणे योग्यच आहे, पण ती शिक्षक नसल्यामुळे घ्यावी लागते तेव्हा त्या मुलासाठी विज्ञान शाखेचे दार बंद होते आणि ते दार डोळ्यांमुळे बंद झालेले नसते. आपण आधी बी.एस्सी. आहात, ही या क्षेत्रात दुर्मीळ गोष्ट आहे. बी.एड. विशेषमध्ये अध्यापनपद्धती निवडताना गणित सोडू नये, कोणी सोपे म्हणून दुसरे काही सुचवले तरी.

टेलर फ्रेम ही गणिताची जुनी पाटी आपण पाहिली नसेल तर एकदा हातात घ्यावी. तिच्यात अष्टकोनी खाचा असतात आणि धातूचा खिळा प्रत्येक खाचेत आठ दिशांनी बसतो. खिळ्याच्या एका टोकाला आडवी पट्टी, दुसऱ्या टोकाला दोन उंचवटे, म्हणून एकाच खिळ्यातून सोळा चिन्हे होतात. बीजगणितासाठी निराळे खिळे. भागाकाराची मांडणी मूल यावर स्वतः करू शकते, पुसू शकते, पुन्हा मांडू शकते. अबॅकस वेगासाठी, टेलर फ्रेम मांडणीसाठी. वरच्या वर्गांत नेमेथ संकेत, म्हणजे गणितासाठीची ब्रेल चिन्हपद्धती, येतो, ज्यात अंक सेलच्या खालच्या भागात उतरतात आणि अपूर्णांक, घातांक, मूळ यांची स्वतंत्र चिन्हे असतात. साध्या ब्रेलमध्ये अंकचिन्ह आणि ‘ण’ हे एकच सेल आहे, ३-४-५-६; नवशिक्या शिक्षकाला ‘गणित’ या शब्दाच्या मधोमध आकडा सुरू झाल्याचा भास होतो.

आपण विचारले होते की चांगला अभ्यासक्रम ओळखायचा कसा. तिथे जाऊन एकच पाहावे : शिकवणाऱ्यांमध्ये ब्रेल बोटांनी वाचणारी व्यक्ती आहे का? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १७ मध्ये ब्रेल जाणणाऱ्या दिव्यांग शिक्षकांची नेमणूक करावी असे स्पष्ट म्हटले आहे, तेव्हा ही अपेक्षा अवास्तव नाही.

पेठ-सुरगाणा फिरती

सरांचे ब्रेलविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, परंतु त्यावरून असा समज होऊ नये की आपल्याला भेटणारी मुले मुख्यतः ब्रेल वाचणारी असतात. मी समग्र शिक्षाअंतर्गत विशेष शिक्षिका म्हणून जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात काम करते. माझ्या यादीतील दृष्टिबाधित मुलांत पूर्णांध थोडी आहेत. बहुतेक अल्पदृष्टी आहेत आणि काहींना दृष्टिदोषासोबत आणखी एखादे दिव्यांगत्व आहे. गोदातीर ताईंची विद्यार्थिनीही, वर्णनावरून पाहता, अल्पदृष्टी गटातली दिसते. आणि या मुलांबाबत प्रशिक्षणाची उणीव सर्वांत जास्त जाणवते, कारण पूर्णांध मुलाला मदत हवी हे शिपायालाही कळते, पण अल्पदृष्टी मूल मैदानात धावते, पायऱ्या उतरते, आणि मग वाचायला नकार देते तेव्हा शिक्षक त्याला आळशी ठरवून मोकळे होतात.

२०१६ च्या त्याच कायद्यात व्याख्या नेमकी आहे. चांगल्या डोळ्याची, शक्य तितक्या उत्तम चष्म्यासह, दृष्टी ६/१८ (निकोप डोळ्याला १८ मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे) पेक्षा अधिक नसून ३/६० पर्यंत असेल, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी आणि १० अंशांपर्यंत असेल, तर अल्पदृष्टी, त्याखाली अंधत्व. पण हे आकडे सिव्हिल हॉस्पिटलच्या प्रमाणपत्रासाठी आणि यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, उपयोगाचे. वर्गात बसवायचे कुठे, अक्षर केवढे हवे, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. समान ६/६० असलेली दोन मुले घ्या. एकाला वर्णकहीनता (डोळ्यांत, त्वचेत रंगद्रव्य नसणे) आहे, त्याला खिडकीजवळचा उजेड सोसत नाही आणि टोपी घातली की तो बरा वाचतो. दुसऱ्याला रेटिनायटिस पिगमेंटोसा (दृष्टिपटलाचा आजार) आहे, त्याला भरपूर प्रकाश हवा, आणि त्याचे दृष्टिक्षेत्र अरुंद असल्यामुळे अक्षर फार मोठे केले तर उलट शब्द एका नजरेत मावत नाही. मोठी छपाई सर्वांना चांगली, हा आपल्या शाळांतला सर्वांत पसरलेला गैरसमज आहे.

म्हणून बी.एड. निवडताना मी सांगेन की ‘कार्यात्मक दृष्टी मूल्यमापन’ हा भाग तिथे कसा शिकवतात ते विचारा. म्हणजे मूल प्रत्यक्षात कोणत्या उजेडात, किती अंतरावरून, कोणत्या रंगसंगतीत काय पाहते, किती वेळाने थकते, हे त्याच्याच वर्गात बसून टिपून काढणे. त्यावरून ठरते की त्याचे वाचनाचे माध्यम छापील असावे, ब्रेल असावे की दोन्ही. ज्या आजारात नजर हळूहळू जाणार आहे तिथे दिसत असतानाच ब्रेल सुरू करावे लागते, आणि ही गोष्ट आई-वडिलांना सांगणे हे या नोकरीतले सर्वांत अवघड काम आहे. कोणत्याही पेपरात त्याला गुण नाहीत. कळवण-सटाण्याकडे अहिराणी, सुरगाण्याकडे कोकणा आदिवासींची कोकणी बोलणाऱ्या घरांत तर ते त्यांच्या बोलीतच सांगावे लागते.

भूमितीविषयी : जाड रबराच्या पाटीवर प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवून बॉलपेनने रेघ ओढली की ती रेघ उठून येते आणि बोटाला लागते. अल्पदृष्टी मुलीलाही हे उपयोगी पडते, कारण डोळा चार बोटांवर नेऊन आख्खा त्रिकोण एकदम दिसत नाही. बोट त्याचा आकार सांगते आणि डोळा नावे वाचतो. फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द उच्चारावा, ‘ही बाजू’ न म्हणता ‘बाजू एबी’ म्हणावे. पुस्तकासाठी उतरते लाकडी स्टँड शाळेच्या सुताराकडून करून घ्यावे, म्हणजे मान मोडत नाही. काळ्या जाड शाईचे पेन आणि ठळक रेघांची वही. नेत्रतज्ज्ञांकडून भिंगाची तपासणी झाली आहे का तेही पाहावे. पुष्कळदा प्रमाणपत्र झालेले असते, भिंग मात्र कोणी दाखवलेले नसते. वार्षिक परीक्षेत ताशी वीस मिनिटे वाढीव वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक मिळू शकतो, त्याचे अर्ज ऐनवेळी करू नयेत.

नोकरीचे म्हणाल तर चित्र पूर्वीपेक्षा बदलले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांच्या नेमणुकांबाबत आदेश दिला आणि त्यात प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक, त्यावर पंधरा मुलांमागे एक असे प्रमाण सुचवले. महाराष्ट्रातही शाळासमूहाच्या केंद्रस्तरावर विशेष शिक्षकाचे पद निर्माण करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. त्याआधीची वर्षे आम्ही कंत्राटावर काढली, मानधन कधी वेळेवर, कधी तीन महिन्यांनी; त्यामुळे अनुदानित शाळेतील कायम पद सोडून यायचे असेल तर घाईने राजीनामा देऊ नये, इतके मात्र वडीलकीने सांगते.

मूळचा पंचवटीचा

अमेरिकेबद्दल थोडक्यात. तिथे दृष्टिबाधित विद्यार्थ्यांचे शिक्षक होण्यासाठीची पदव्युत्तर पदवी बहुधा राज्याच्या शिक्षक परवान्याशी जोडलेली असते आणि चलनवलन प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र ही त्याहून निराळी पात्रता मानली जाते. पुष्कळ जण दोन्ही करतात. बहुतेक शिक्षक एका शाळेत न बसता गाडीने शाळाशाळांत फिरतात. म्हणजे पेठच्या ताई एसटीने करतात तेच काम. तिकडच्या अभ्यासक्रमांत विस्तारित गाभा अभ्यासक्रमावर फार भर असतो : फिल हॅटलेन यांनी १९९६ मध्ये मांडलेली ही कल्पना आता नऊ क्षेत्रांची आहे आणि तिच्यात ब्रेल व तंत्रज्ञानाबरोबर स्वयंपाक, सामाजिक वागणूक, करमणूक, स्वतःचे निर्णय घेणे हेही शिक्षकाचे काम म्हणून धरलेले आहे. भारतात प्लस करिक्युलम म्हणून जे शिकवतात त्याच्याशी हे बरेच जुळते.

परंतु तिथली पदवी घेऊन नाशिकला परत यायचे असेल तर आरसीआयने ती मान्य केल्याशिवाय इथे नोंदणी होणार नाही, आणि खर्चाचा विचार केला तर हा मार्ग पहिला असू नये. भारतीय पदवी व अनुभव गाठीशी झाल्यावर मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथे पर्किन्स शाळेचा परदेशी शिक्षकांसाठीचा एज्युकेशनल लीडरशिप प्रोग्रॅम चालू आहे का हे पाहून त्याचा विचार करता येईल. तो पदवी देत नाही, पण बहुदिव्यांग आणि बधिरांध मुलांसोबत काम करण्याचा तिथला अनुभव इतरत्र मिळणे कठीण आहे.

गोदातीर

सर्वांचे आभार. ‘ही बाजू’ न म्हणण्याची सूचना उद्यापासूनच अमलात आणते. सासऱ्यांनी सातपूरच्या सरांचे उत्तर वाचले आणि ‘मग अभ्यासक्रमाचा कागद दाखव’ असे म्हणाले, म्हणजे नकार अर्धा तरी मावळला आहे.

दोन शंका उरतात. मी अडीच वर्षांचा दूरशिक्षणाचा मार्ग घेतला तर शिकवण्याचा सराव माझ्याच शाळेत धरला जाईल का? आणि प्रवेशापूर्वीचे महिने हाताशी आहेत, त्यांत नाशिकमध्ये राहून नेमके काय करावे?

सातपूर ते सीबीएस

सरावाचा काही भाग समावेशित शाळेत करावा लागतो आणि तो आपल्या शाळेत धरला जाऊ शकेल की नाही हे अभ्यासकेंद्र ठरवते. पण काही भाग दृष्टिबाधितांच्या विशेष शाळेतच करावा लागतो, आणि तो चुकवण्याची सोय शोधू नये. अल्पदृष्टीची एक मुलगी वर्गात असणे आणि वेगवेगळ्या वयांची, ब्रेल वाचणारी, काठी घेऊन चालायला शिकणारी मुले दिवसभर भोवती असणे यांत महदंतर आहे. दूरशिक्षण घ्यायचेच झाले तर विशेष शाळेतील सरावाच्या काळासाठी मुख्याध्यापकांकडून बिनपगारी का होईना, रजेची लेखी संमती आधी घ्यावी. माझ्या परिचयातील काहींचा अभ्यासक्रम लेखी परीक्षा उत्तीर्ण होऊनही याच एका कारणाने रखडला.

आधीच्या महिन्यांसाठी : सातपूरला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या महाराष्ट्र शाखेचे, म्हणजे नॅबचे, कार्यालय आहे. तिथे जाऊन मुलांसोबत वेळ देता येईल का, हे विचारावे. वाचून दाखवणे, पुस्तके ध्वनिमुद्रित करणे, परीक्षेला लेखनिक म्हणून बसणे ही कामे पदवीविना करता येतात आणि त्यांतून ओळखी होतात. लेखनिक होण्याचा सल्ला मी प्रत्येक गणित शिक्षकाला देतो : मुलगा तोंडी गणित सांगतो आणि आपण फक्त लिहितो, तेव्हा तीन ओळींची मांडणी डोक्यात धरून ठेवणे म्हणजे काय असते हे समोर दिसते.

चलनवलनाचा अनुभवही घ्यावा, पण डोळ्यांना पट्टी बांधून एकटीने प्रयोग करू नये. शिकलेल्या माणसासोबत, आधी शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला हाताची मागची बाजू लावून चालणे, मग सोबत्याच्या कोपराच्या जरा वर धरून त्याच्या अर्धे पाऊल मागे राहून चालणे, आणि मग काठी, असा क्रम असतो. रविवार कारंजावर काठी वापरून दाखवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. तिथे पदपथ कुठे संपतो आणि दुचाकींचा वाहनतळ कुठे सुरू होतो हे डोळसांनाही सांगता येत नाही, त्यामुळे ती परीक्षा दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावी.

ब्रेलसाठी पाटी, टोचणी आणि जाड कागद एवढेच पुरे. रोज दहा ओळी लिहाव्यात आणि दुसऱ्या दिवशी त्या डोळ्यांनी न पाहता वाचण्याचा प्रयत्न करावा. सीईटीचा अर्ज भरताना ‘स्पेशल’ हा पर्याय निवडायला विसरू नये आणि बी.एस्सी.ची तसेच सामान्य बी.एड.ची मूळ गुणपत्रके, सत्यप्रती नव्हे, आताच एका फाइलमध्ये लावून ठेवावीत, कारण पदवीनंतर आरसीआय नोंदणीच्या वेळीही तीच पुन्हा लागतात.